बोरीबंदरच्या दगडात पऱ्हाटी शोधताना

अंबा एक्सप्रेस पहाटे मुंबईला लागते तेव्हा डब्यातलं अर्धं वऱ्हाड अजून पेंगत असतं. बडनेऱ्याला चढलेल्या बायका भाकरी-ठेचा बांधून आणलेलं रिकामं फडकं पिशवीत कोंबतात, अकोल्याला चढलेला एखादा बाबा जोडे शोधत सीटखाली वाकलेला असतो. कोणाला मंत्रालयात फाईल पुढे सरकवायची असते, कोणाला टाटा हॉस्पिटलचा नंबर लावायचा असतो, कोणाच्या पोराची मुलाखत असते. गाडी थांबली की सगळे सामान उचलून टॅक्सीच्या दिशेने सुटतात. मान वर करून बघायला वेळ असतो कोणाला? मीसुद्धा पंचवीसेक वर्षं असाच सुटत आलो.

आमचे आजोबा अकोल्याच्या एका जिनात काट्यावर होते. कापसाच्या गाड्या तोलायच्या आणि वहीत आकडा मांडायचा, एवढंच त्यांचं काम. ते आयुष्यात एकदाच मुंबईला गेले. परत आल्यावर समुद्राबद्दल चार शब्द बोलले, राणीच्या बागेबद्दल दोन. बोरीबंदराबद्दल मात्र एकच वाक्य : "हे घर आपल्या कापसावर उभं हाये, बापू." काट्यावरच्या माणसाला सगळीकडे कापूसच दिसायचा, असं म्हणून आम्ही हसलो होतो. मागच्या वर्षी मुंबईत तीन दिवस मोकळे मिळाले, तेव्हा ठरवलं की आजोबांचा आकडा एकदा तपासून बघायचा.

सुरुवात तारखांपासून केली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली. चौदा डबे होते, चारशे पाहुणे होते आणि साहिब, सिंध, सुलतान अशा नावांची तीन इंजिनं होती. हे आपण शाळेत पाठ केलंय. शाळेत न शिकवलेली गोष्ट अशी की त्याच वर्षी, महिन्याभराने, मे १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. दोन्ही वेळी गव्हर्नर जनरल एकच, लॉर्ड डलहौसी. त्याच एप्रिलमध्ये त्याने रेल्वेवर जो मोठा खलिता लिहिला, त्यात इंग्लंडला हव्या असलेल्या कापसाचा मुद्दा अगदी ठळक आहे. मालाचा मुलूख आणि माल वाहायचा रस्ता, दोन्ही एकाच वर्षी हाती आले. याला योगायोग म्हणायची माझी तयारी नाही.

त्याआधी अमरावतीचा कापूस जायचा तो मुंबईकडे नव्हेच. लमाणांचे बैलांचे तांडे तो पाचशे मैल लांब गंगेकाठच्या मिर्झापूरला नेत आणि तिथून तो नावेने पुढे जाई. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचा कापूस कलकत्त्याकडे लावून दिला, अशी नोंद जुने गॅझेटियर 'म्हणतात' एवढ्या सावधपणे करतात. एक लाख बैल! आकड्यात थोडा वऱ्हाडी हात असेल असं धरलं, तरी गावातल्या पैशाचा अंदाज येतो. हा पैसा पेंढाऱ्यांपासून वाचवण्यासाठीच तर निजामाच्या सरकारने १८०७ पासून अमरावतीभोवती परकोट बांधायला घेतला. काळ्या दगडाची वीस ते सव्वीस फूट उंच भिंत, सव्वादोन मैलांचा घेर, वेशी आणि खिडक्या. जवाहर गेटातून रिक्षा काढताना हॉर्न वाजवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं, की ही वेस मुळात कापसाच्या व्यापाऱ्यांची तिजोरी आहे?

मुंबईलाही असाच कोट होता. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने तो पाडायला लावला. त्या मोकळ्या झालेल्या जागेवर आणि आसपास आजची सगळी दगडी मुंबई उभी आहे : हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि पुढे बोरीबंदर. कोट पाडण्याचा उत्साह आला त्याच वर्षांत शहरात पैशाचा पूर आला, आणि तो अमेरिकेतून आला. १८६१ ला तिथे यादवी सुरू झाली, दक्षिणेकडची बंदरं कोंडली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग डोळे वळले आपल्याकडे. चार-पाच वर्षांत मुंबईच्या पदरात नेहमीपेक्षा सुमारे आठ कोटी पौंड जास्त पडले, असा त्या वेळचा हिशेब आहे. प्रेमचंद रायचंद शेअर बाजाराचा राजा झाला. आईच्या नावाने त्याने दिलेल्या पैशातून राजाबाई टॉवर उभा राहिला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि बाजार असा कोसळला की प्रेमचंदसकट कित्येक पेढ्या बुडाल्या. तरी दगड शिल्लक राहिला, आणि रेल्वेही.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने थळ घाट ओलांडला १८६५ मध्ये, आणि भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ ला ती नागपूरला पोचली. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही नावं ज्या क्रमाने आपण गाडीत झोपेतसुद्धा म्हणू शकतो, तो क्रम तेव्हाचा. खामगावची कापसाची बाजारपेठ एवढी मोठी की जलंबहून तिथवर खास फाटा टाकला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. अमरावती मुख्य मार्गावर पडली नाही. तिला १८७१ मध्ये बडनेऱ्याहून फाटा मिळाला, आणि मुख्य मार्ग चुकल्याचं दुःख आम्ही अमरावतीकर अजून बोलून दाखवतो. पण नाव आमचंच झालं. मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाच्या जातीला 'ऊमरा' म्हणत. ऊमरा म्हणजे ऊमरावती, म्हणजे साहेबाच्या तोंडची अमरावती. ज्या दलालांनी हे गाव कधी पाहिलं नाही, त्यांच्या भावफलकावर ते रोज खडूने लिहिलं जाई.

आणि हिशेबातली एक मेख. या रेल्वे कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. नफा कमी पडला तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचा. म्हणजे वऱ्हाडच्या कुणब्याने गठाणीवर भाडं द्यायचं ते दिलंच, वर शेतसाऱ्यातून हमीही भरली. बोरीबंदर फक्त आपल्या कापसावर उभं राहिलं असं म्हणणं अति होईल. खानदेश होता, दख्खन होतं, परदेशी कापड येत होतं, धान्य जात होतं. पण आजोबांचा काटा फारसा चुकलेला नव्हता.

आता इमारतीकडे.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा बाथ गावचा, १८४७ चा जन्म. विशीत सरकारी बांधकाम खात्याच्या नोकरीवर हिंदुस्थानात आला. रेल्वे कंपनीने स्टेशन आणि मुख्य कचेरीचं काम त्याच्याकडे सोपवलं तेव्हा तो तिशीत होता. युरोपातली स्टेशनं बघून आला, आणि १८७८ मध्ये काम सुरू झालं. ते दहा वर्षं चाललं. खर्च सव्वासोळा लाखांच्या आतबाहेर. १८८७ ला राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून नाव पडलं व्हिक्टोरिया टर्मिनस. आपल्या लोकांनी ते व्हीटी केलं, आणि जुन्यांनी बोरीबंदर सोडलंच नाही. १९९६ पासून ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं, आणि लोकलच्या दारात उभा असलेला पोरगा आता 'सीएसएमटी' म्हणतो. एका स्टेशनाची ही चार नावं अंबा एक्सप्रेसच्या एकाच डब्यात ऐकू येतात. कोण काय म्हणतो त्यावरून माणसाचं वय सांगता येतं.

स्टीव्हन्सचं नाव पाटीवर आहे आणि असायलाच हवं. पण चुना-दगडाच्या जागेवर रोज उभे राहणारे दोघे मराठी होते : असिस्टंट इंजिनिअर रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि सुपरवायझर माधवराव जनार्दन. दगडात जे कोरलं गेलं ते जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातून. याच ग्रिफिथ्सने १८७२ पासून पुढची बारा-तेरा वर्षं शाळेतली मुलं घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या. म्हणजे वऱ्हाडच्या वेशीवर एक चमू बोधिसत्त्वाच्या भुवईची रेघ गिरवत होता, आणि त्याच वर्षांत त्याच शाळेचे हात बोरीबंदरात दगडाला पानं फोडत होते. इमारतीला गॉथिक म्हणायचं ते म्हणा, पण या शैलीचं व्याकरण इंग्लंडचं असलं तरी हस्ताक्षर इथलं आहे. तिथला मोर बघा. असा मोर इंग्लंडात कोरून येत नाही.

समोरच्या रस्त्यावर, जिथे बसवाले आणि फोटोवाले दोघेही माणसाला ढकलतात, तिथे उभं राहिलं की घुमट बरोबर मध्ये येतो. आठ बाजूंचा, फासळ्यांचा, निव्वळ दगडी. वर चौदा-पंधरा फुटांहून उंच अशी एक बाई उभी आहे, एका हातात मशाल आणि दुसऱ्यात आऱ्यांचं चाक. तिचं नाव 'प्रगती'. दोन्ही बाजूंना पंख पसरल्यासारख्या कचेऱ्या, आणि मधल्या अंगणाच्या फाटकाच्या खांबांवर दोन जनावरं बसलेली : एकीकडे सिंह म्हणजे इंग्लंड, दुसरीकडे वाघ म्हणजे आपण. दोघेही सारख्याच उंचीच्या खांबावर आहेत. हा समतेचा विचार साहेबाने दगडात तरी केला. घड्याळाखालच्या कोनाड्यात पूर्वी राणी उभी होती. स्वातंत्र्यानंतर ती काढली आणि कोनाडा रिकामाच राहिला. भिंतीवरच्या गोल चकत्यांमध्ये रेल्वे कंपनीच्या मोठ्या माणसांचे मुखवटे आहेत. त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांचे चेहरे शोधायला मला पाव तास लागला. शंकरशेटांची पगडी दिसली आणि परक्या लग्नात गावचा माणूस भेटल्यासारखं वाटलं.

ही जागाही साधी नव्हे. मुंबादेवीचं जुनं देऊळ याच परिसरात होतं असं सांगतात, आणि शेजारी फाशी तलाव होता. आमची गाडी अंबेच्या नावाने अमरावतीहून निघते आणि मुंबेच्या जुन्या ठिकाणी थांबते. अंबादेवीच्या यात्रेला जाणाऱ्या माझ्या आत्याला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग काय, बहिणीकडेच जाते थे."

बहुतेक प्रवाशांना आत जायला मिळतं ते फक्त फलाटापर्यंत. घुमटाखालचा भाग म्हणजे मध्य रेल्वेचं मुख्यालय. कामाच्या दिवशी दुपारी तिकीट काढून वारसा दालन आणि आसपासचा भाग बघता येतो. मी गेलो त्या दिवशी आमच्यात एक औरंगाबादचं कुटुंब होतं, दोन वास्तुकलेच्या विद्यार्थिनी होत्या आणि सारखं घड्याळ बघणारे एक निवृत्त गार्ड.

दारातून आत पाऊल टाकलं की आधी गारवा लागतो. बाहेर ऑक्टोबरची उकाड्याची दुपार, आत दगडाची सावली. आणि मग जिना. या जिन्यासमोर मी बराच वेळ थांबलो. दगडी पायऱ्यांचं एक टोक भिंतीत घुसवलेलं, दुसरं अधांतरी. खाली खांब नाही, तुळई नाही. एकीवर एक टेकत त्या चौकोनी विहिरीच्या कडेने वर वर जातात, आणि वर बघितलं की घुमटाच्या आठ फासळ्या मध्यावर येऊन मिळतात. आमच्याकडे पायविहिरीत वरून खाली बघतात, इथे खालून वर बघायचं. कठडा लोखंडाचा आणि नक्षीचा. रंगीत काचांतून येणारा उजेड पायऱ्यांवर लाल-निळा पडतो आणि सूर्याबरोबर सरकत राहतो. काचांत रेल्वे कंपनीची मुद्रा आहे. त्या जिन्यावरून डबा हातात घेऊन एक कारकून बाई उतरत होत्या. दीडशे वर्षांच्या अधांतरी दगडावरून त्या अशा उतरल्या, जशी आपली आई माजघरातून स्वयंपाकघरात जाते. मला ते फार आवडलं. पुतळ्यांच्या खाली 'हात लावू नये' लिहिलेली संग्रहालयं मला कधी जमली नाहीत.

निवृत्त गार्डांनी एक गोष्ट नजरेस आणून दिली. खांबांच्या माथ्यावरची पानं एकासारखी एक नाहीत. एका खांबावर रुंद पान, दुसऱ्यावर कातरलेलं, तिसऱ्यावर पानांत लपलेलं माकड. कुठे मुंगूस आणि साप एकमेकांना भिडलेले. पावसाचं पाणी ओकणाऱ्या पन्हाळींना जनावरांची तोंडं. ठेकेदाराला एकच साचा करून शंभर ठिकाणी ठोकता आला असता, पण इथे प्रत्येक विद्यार्थ्याला आपापलं पान मिळालेलं दिसतं.

मग माझा खेळ सुरू झाला. एवढ्या पानांत पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान असेलच की! तीन-पाच बोटांचं, मधून फाटलेलं. एखादं बोंड असेल, फुटलेलं. मी खांबामागून खांब बघत गेलो. मानेला कळ लागली. दोन पानं तशी वाटली, पण जवळ जाऊन बघितलं तर ती द्राक्षवेलीची निघाली, युरोपातली, चर्चमधली. बाहेरच्या त्रिकोणी माथ्यांवर मूर्ती आहेत त्यात एक 'शेती' आहे, एक 'व्यापार', एक 'अभियांत्रिकी'. शेती नावाची बाई आहे तर खरी, पण ती कोणत्या मुलखातली शेती करते हे तिच्या लुगड्यावरून काही कळत नाही. बोंड मला तरी सापडलं नाही. तिथून चालत दहा मिनिटांवर क्रॉफर्ड मार्केट आहे, १८६९ चं. त्याच्या दारावर लॉकवुड किपलिंगने, म्हणजे रुडयार्डच्या वडिलांनी, इथले शेतकरी कोरले आहेत. आशेने गेलो. शेतकरी आहेत. पण ते उभे आहेत गव्हाच्या शेतात.

बोरीबंदराच्या बरोबर समोर मुंबई महापालिकेची इमारत आहे. तीही स्टीव्हन्सची. दोघी जावांसारख्या एकमेकींकडे बघत उभ्या आहेत, आणि धाकटीने थोरलीवर वरकडी करायची ठरवलेली दिसते. कोनशिला १८८४ मध्ये लॉर्ड रिपनने बसवली. हाच रिपन, ज्याच्या १८८२ च्या ठरावामुळे आपल्याकडे स्थानिक स्वराज्य हा शब्द आला. पण बांधकाम सुरू व्हायला १८८९ उजाडलं. मधल्या काळात कोणता आराखडा घ्यायचा यावर खल झाला, मद्रासच्या चिझम या वास्तुविशारदाचा मागे पडला आणि स्टीव्हन्सचा पुढे आला. १८९३ मध्ये इमारत पुरी झाली. अंदाज होता ११ लाख ८८ हजारांचा, खर्च झाला ११ लाख २० हजारांच्या आसपास. महापालिकेचं काम अंदाजापेक्षा कमी पैशात झालं, हे वाक्य मी दोनदा वाचलं.

जागा त्रिकोणी, दोन रस्त्यांच्या बेचक्यात. अशा जागेवर आपल्याकडे गाळे काढले असते. स्टीव्हन्सने टोकाला उंच मनोरा दिला आणि दोन हात मागे पसरले. कमानी व्हेनिसकडच्या, घुमट मात्र पूर्वेकडचे, फुगीर. बोरीबंदरात त्याने घाबरत-घाबरत देशी मसाला टाकला होता, इथे सढळ हाताने टाकला. माथ्यावर पंखांची मूर्ती आहे, मुंबईला हिंदुस्थानचं पहिलं शहर म्हणणारी. पुढे रस्त्यावर सर फिरोजशहा मेहता उभे आहेत, इमारतीकडे पाठ करून, जणू आत चाललंय ते त्यांनी बरंच ऐकलंय. २०२१ पासून इथेही वारसा फेरफटका सुरू झाला. आतल्या सभागृहाची लांबी ६५ फूट, रुंदी ३२ आणि उंची जवळजवळ ३८. उंचीच रुंदीपेक्षा जास्त! एवढ्या उंच लाकडी छताखाली बोललेलं वाक्य आपोआप जरा गंभीर वाटत असणार. हा वास्तुविशारदाचा डाव आहे आणि तो चांगला आहे. छताला सागवान, भिंतींना नक्षी, नगरसेवकांच्या बाकांकडे बघत असलेले जुन्या पुढाऱ्यांचे पुतळे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकाकडे गेला. सभागृह राहिलं, सभा गेली. अमरावती आणि अकोल्याच्या महापालिकांचंही तेव्हा तेच झालं. आमच्याकडे निदान हळहळण्यासारखं छत नव्हतं.

हे जरा कडवट झालं. पण बोरीबंदराहून परत वऱ्हाडात येताना हा कडवटपणा चुकत नाही. ज्या मार्गाने माल गेला त्या मार्गावरची आपली स्टेशनं बघा. काळ्या दगडाच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, एक खिडकी तिकिटाची, एक घंटा. बरी आहेत, प्रामाणिक आहेत, पण नक्षीचं एक पान नाही. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी शकुंतला तर अडीच फुटांच्या रुळावरची. किलिक निक्सन या इंग्रजी पेढीने बांधलेली, तीही कापसासाठीच. तिचं १९२१ सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. मँचेस्टरच बरं! कापूस तिकडे गेला आणि बदल्यात इंजिन आलं. तिची काही स्टेशनं एवढी लहान होती की गार्डच उतरून तिकीट फाडायचा. आता रुळांत गवत आहे.

बोरीबंदर पुरं झालं १८८८ ला. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८९९-१९०० मध्ये, वऱ्हाडात मोठा दुष्काळ पडला. ज्वारीच्या जागी कापूस पेरून-पेरून शेतकऱ्याच्या कणगीत धान्य उरलेलं नव्हतं, बाजारात धान्य होतं पण ते घ्यायला पैसा नव्हता. अमेरिकन इतिहासकार स्वेन बेकर्ट यांनी कापसाचा जागतिक इतिहास लिहिताना खामगाव आणि वऱ्हाडला त्यात मोठी जागा दिली आहे, ती याच कारणाने. १८६७ च्या सुमाराला हॅरी रिव्हेट-कार्नाक नावाचा साहेब मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा 'कॉटन कमिशनर' होता. शेतकऱ्याने काय पेरावं, गठाण कशी बांधावी, ती लवकरात लवकर बंदरावर कशी जावी, हे बघणं त्याचं सरकारी काम. पेरणाऱ्याने काय खावं हे बघणारा कमिशनर नेमल्याचं माझ्या वाचनात नाही.

मग ही इमारत आवडून घ्यायची की नाही? औरंगाबादच्या कुटुंबातल्या मुलीने, आठवी-नववीतली असेल, जिन्याखाली हाच प्रश्न वडिलांना विचारला, वेगळ्या शब्दांत : "हे इंग्रजांनी आपल्यासाठी बांधलं का त्यांच्यासाठी?" वडील गडबडले. गार्डसाहेब म्हणाले, "बांधलं त्यांच्यासाठी. पण वापरतोय कोण?" मला त्यांचं उत्तर पुरेसं वाटलं नाही, पण त्यांना अडतीस वर्षांची नोकरी होती आणि मला तीन दिवसांची सुट्टी, म्हणून गप्प बसलो. माझं मत विचाराल तर इमारत आवडून घ्यावी, पण बिल कोणी भरलं ते विसरून नव्हे. २ जुलै २००४ ला युनेस्कोने हिला जागतिक वारशाच्या यादीत घातलं. कागदोपत्री ती आता सगळ्या जगाची आहे. वऱ्हाडचा तिच्यावर जरा जुना दावा आहे, इतकंच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघत जमिनीवर चादरी टाकून बसलेली माणसं इथे गोळ्यांना बळी पडली, ती अशीच गावाकडे निघालेली होती. तो हिशेबही याच फरशीवर लिहिलेला आहे.

स्टीव्हन्स मार्च १९०० मध्ये मुंबईत वारला, पन्नाशी जेमतेम ओलांडून. वऱ्हाडात दुष्काळ ऐन भरात होता तेव्हा. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला पुरलं. पुढे मुंबईचा कापसाचा बाजार कुलाब्याहून उठला तोही शिवडीच्याच बाजूला, समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर, गोदामांच्या रांगांत. मुंबईत आजही कापसाचा भाव खंडीवर बोलतात. खंडी म्हणजे जुन्या हिशेबाने ७८४ पौंड. आजोबांना हा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी यायचा.

तर वऱ्हाडच्या वाचकांना एक सांगणं. पुढच्या वेळी अंबा एक्सप्रेसमधून उतरलात की लगेच टॅक्सीकडे धावू नका. सामान सांभाळून लोकलच्या तिकीट खिडक्यांकडे या. त्या दालनाला 'स्टार चेंबर' म्हणतात. चकचकीत दगडाच्या आणि इटालियन संगमरवराच्या खांबांवर टोकदार कमानी आहेत, खाली इंग्लंडहून आणलेल्या माव कंपनीच्या फरश्या, वर लाकडी फासळ्यांच्या छतावर निळ्या रंगात सोनेरी चांदण्या. नोकरदार माणसं तिथे मोबाईलमध्ये मान घालून रांगेत उभी असतात. तुम्ही मान वर करून उभे राहा. मागचा माणूस ढकलेल, ढकलू द्या. एखाद्या खांबावर पऱ्हाटीचं बोंड दिसलं तर मला जरूर कळवा. तुमचा नंबर आला की 'कॉटन ग्रीन'चं तिकीट मागा. हार्बर लाईनवर मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड आणि मग पाचवं स्टेशन. त्याच्या पुढचं शिवडी. तिकीट पाच रुपये.